इंग्रजी वाक्यात शब्दाची जागा बोलते, हे पोरांना आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीला येईपर्यंत पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकतं, तरी माझ्याकडे संध्याकाळी शिकवणीला येणारी आठवी-नववीची पोरं 'माय फादर फार्मर इज' असं लिहितात, आणि बारा काळांचा तक्ता मात्र त्यांना तोंडपाठ असतो. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह पण करतात. फक्त स्वतःच्या मनातलं एक वाक्य जुळवता येत नाही.

चूक पोरांची नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं हे तर झालंच, पण खरी गोम प्रत्ययांत आहे. 'वाघाने माणसाला मारलं' म्हणा नाहीतर 'माणसाला वाघाने मारलं' म्हणा, मेला माणूसच, कारण 'ने' वाघाला चिकटलाय आणि 'ला' माणसाला, मग ते वाक्यात कुठेही बसोत. इंग्रजी नामांना असले प्रत्यय नाहीत. 'द टायगर किल्ड द मॅन' मधे टायगर आणि मॅनची नुसती अदलाबदल करा, लगेच वाघ मेला! क्रियापदाच्या आधी बसला तो कर्ता, नंतर बसलं ते कर्म, एवढी एक गोष्ट पोरांना नीट कळली तरी निम्मं काम होतं असा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे आपण कर्ता बिनधास्त गाळतो. 'आलो', 'जेवलीस का', क्रियापदावरूनच कोण ते कळतं. इंग्रजीत आज्ञा सोडली तर साध्या वाक्यात कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तर 'इट इज रेनिंग'. एका मुलीने मला विचारलं होतं, मॅडम, हा इट म्हणजे कोण, ढग का? मला तो प्रश्न फार आवडला. कुणीच नाही गं, खुर्ची भरायला बसवलाय, असं सांगितल्यावर तिने 'रेनिंग इज' लिहिणं सोडलं.

आणि पूरक! हे तर आपल्या मराठी व्याकरणातच आहे, 'राम राजा झाला' मधलं 'राजा' हे विधानपूरक, म्हणजे रामाबद्दलचं विधान पूर्ण करणारा शब्द, कर्म नव्हे, हे पोरं मराठीच्या तासाला शिकतात आणि इंग्रजीच्या तासाला विसरतात कारण जोडून कुणी दाखवतच नाही. 'ही कॉल्ड अ डॉक्टर' आणि 'ही बिकेम अ डॉक्टर' दिसायला सारखी, पण पहिल्यात माणसं दोन आणि दुसऱ्यात एकच. पहिल्याचं पॅसिव्ह होतं, दुसऱ्याचं होत नाही. तसंच 'शी मेड हिम टी' आणि 'शी मेड हिम कॅप्टन', एकात त्याच्यासाठी चहा केला, दुसऱ्यात त्यालाच कॅप्टन केलं. अशा जोड्या फळ्यावर लिहिल्या की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वाद घालतात. 'पुट' चं पण तेच, मराठीत 'पुस्तक ठेवलं' चालतं, पण 'आय पुट द बुक' अर्धवट राहतं, कुठे ठेवलं ते सांगावंच लागतं.

इंग्रजीचे व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी साध्या वाक्यांचे मुख्य साचे सातच सांगितलेत, आणि ते कर्ता, क्रियापद, कर्म, पूरक आणि कुठे-कधी-कसं सांगणारा भाग या पाच गोष्टींतूनच जुळतात. सात म्हणजे काय फार झाले का हो? काळांचे तक्ते मग शिकवा की, कोण नाही म्हणतंय, पण काळ बदलायला आधी वाक्य तर हातात पाहिजे.

माझी शाळांना एवढीच विनंती आहे की सहावीला जूनमधे शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा यासाठी द्या आणि त्या आठवड्यात मराठीच्या आणि इंग्रजीच्या बाई एकत्र वर्गावर जाऊ द्या, एकीने मराठी वाक्य फळ्यावर लिहावं, दुसरीने त्याच्या शेजारी इंग्रजी, आणि कर्ता कुठे गेला, कर्म कुठे बसलं ते पोरांनीच खडूने बाण काढून दाखवावं.

आपली,
शिकवणी घेणारी एक वाचक, जि. सातारा