वायफाय सुरू करायलाच इंटरनेट लागतं, त्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम कशी टाकायची, यावर काल पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकांची भाषा खुसखुशीत आहे, उत्साह तर ओसंडून वाहतोय. ‘अर्ध्या तासात जुना संगणक नवा’ हे वाक्य चौकटीत ठळक छापलंय. ही चौकट लिहिणाऱ्यानं एखाद्या अगदी नवख्या माणसाशेजारी बसून हे काम शेवटपर्यंत तडीला नेलं आहे का, एवढंच विचारायचं होतं.

मला कुणी विंडोजचा वकील समजू नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर पाहिजे. म्हणजे धडधाकट लॅपटॉप निव्वळ कागदोपत्री म्हातारे झाले. त्यावर लिनक्स हा चांगला उतारा आहे. मी स्वतः तेच वापरतो, हे पत्रही त्यावरच टाइप करतोय. म्हणून तर जास्त चीड आली.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका ‘फारच सोपं आहे हो’ छापाच्या लेखाच्या भरवशावर लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. इन्स्टॉलेशन खरंच बिनबोभाट झालं. सुंदर डेस्कटॉप उघडला. कोपऱ्यात वायफायची खूण मात्र नाही! सेटिंग्ज उघडल्या, तर तिथे वायफायचं कार्डच सापडत नसल्याचा निरोप. मोबाइलवर शोधलं. जो तो सांगतोय, आधी सिस्टीम अपडेट करा, मग अमुक ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या. उतरवून घ्या कुठून? इंटरनेटवरून! तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून वर कुलूप लावल्यातली गत. एका विद्वानाचा सल्ला होता की लॅन केबल जोडा. माझ्या सडपातळ लॅपटॉपला ती केबल जोडायला भोकच नाही. दुसऱ्यानं सुनावलं, ‘ज्यांना मॅन्युअल वाचता येत नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये.’ अशा स्वागतानंतर मंडळींना प्रश्न पडतो की लिनक्स घराघरांत का पोचत नाही!

उपाय शेवटी किती साधा निघावा? मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट केबलमधून संगणकाला देण्याची सोय, चालू करायचं. संगणकाला वाटतं, तार लावून इंटरनेट आलंय. मग लिनक्समधला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं कार्ड ओळखून ड्रायव्हरचं नाव स्वतःहून पुढे केलं, निवडलं, रीस्टार्ट केलं, संपलं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं (नाव घेत नाही) ड्रायव्हर खुला केलेला नव्हता, म्हणून तो सुरुवातीपासून सोबत आला नव्हता. हा त्रास फक्त माझ्या नशिबी आला असंही नाही. डेबियन ही लिनक्सचीच एक जुनी जात, तिची मंडळी मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत किती कर्मठ! त्यांनीसुद्धा २०२२ साली मतदान घेतलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा कार्डांना लागणारं कंपन्यांचं बंदिस्त सॉफ्टवेअर (फर्मवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. सोवळं सोडायची वेळ त्यांच्यावर आली, आणि आपल्या लेखकांना त्यावर एक ओळ खर्चावीशी वाटली नाही.

बरं, हे टाळताही येतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. तेवढ्यात वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं तपासून घ्यावं. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडावं, जागा होतोय का बघावं. पेनड्राइव्हवरून जरा रेंगाळत चालतं, पण कळायचं ते कळतं. लेखात या सगळ्याची बोळवण ‘हवं असल्यास आधी चालवून पाहा’ एवढ्यावर झाली आहे. हवं असल्यास? नवख्यासाठी अख्खा लेख यावरच हवा होता! त्याच्याच पुढच्या परिच्छेदात डिस्क पूर्ण पुसण्याचा पर्याय ‘सर्वांत सोपा’ म्हणून सुचवलाय. सोपा आहेच. बॅकअप हा शब्द मी पूर्ण लेखात शोधला, मला तरी दिसला नाही.

‘तुमच्या सगळ्या जुन्या फायली जशाच्या तशा उघडतील’ हेही वाचून करमणूक झाली. लिनक्सवर वर्डच्या जागी वापरतात ते लिबरऑफिस उत्तमच आहे. पण युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी पत्र तिथे उघडून बघा. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर आईच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि रोमन अक्षरांचा काला दिसतो. मराठी वृत्तपत्रात लिहिताना एवढं तरी ध्यानात यायला हवं होतं.

आणि टर्मिनल, म्हणजे संगणकाला हुकूम (कमांड) टाइप करून द्यायची खिडकी. ‘पासवर्ड टाका’ म्हणून मोकळे झालात. तिथे पासवर्ड टाइप करताना पडद्यावर पुष्कळदा काहीच उमटत नाही, साधं टिंबसुद्धा नाही. माणूस कीबोर्ड बडवत बसतो. न दिसता टाइप होतंय, तसंच पुढे जाऊन एंटर दाबा, हे सांगायला कितीशी जागा लागली असती?

आता हे मात्र थेट तुमच्या कार्यालयाकडे. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन दुरुस्त करायची जी कमांड छापली आहे, तिच्यात ‘फिक्स-ब्रोकन’च्या आधी दोन आखूड रेघा असतात. तुमच्या मांडणीवाल्यांनी त्या जोडून एक झोकदार डॅश केलाय. लेखात दिसतोय तसा तो टाइप केला की टर्मिनल हे चुकीचं ऑपरेशन आहे म्हणून हात वर करतं. वर ती कमांड स्तंभाच्या कडेला मधेच तोडून खालच्या ओळीत नेली आहे, त्यामुळे तिथे स्पेस आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. अग्रलेखात स्पेस इकडची तिकडे झाली तर कुणाचं बिघडत नाही. २०११ साली बंबलबी नावाच्या एका प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जादा पडली होती. ती स्क्रिप्ट चालवणाऱ्यांच्या संगणकावरचा सगळा ‘यूएसआर’ फोल्डर, म्हणजे जिथे बहुतेक प्रोग्राम असतात तोच, तिनं पुसून टाकला. आणि पुसणारी कमांड तुमच्या लेखातही एक आहेच, तिसऱ्या स्तंभात, तळाशी.

तेव्हा दोन्ही कमांडा न तोडता, टंकलेखनाच्या साध्या अक्षरांत, पुढच्या पुरवणीत पुन्हा छापाव्यात. शुद्धिपत्रात दोन रेघांची पुन्हा एक रेघ होणार नाही, एवढं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहावं. आणि जागेअभावी माझं पत्र कापायचंच झालं, तर अग्रलेखाचा टोमणा खुशाल काढा, टेदरिंगचा परिच्छेद ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक