काठमांडूच्या विमानात खिडकी कुठली घ्यायची

प्रिय सुधीर,

दिवाळीनंतर तुम्ही दोघं नेपाळला, मुक्तिनाथला निघालाय हे वाचून फार बरं वाटलं. सीट ‘ए’ घेऊ की ‘एफ’, असं विचारलंस. दिल्लीहून काठमांडूला जाताना ‘ए’, म्हणजे डावी खिडकी. येताना ‘एफ’. विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालय सगळा उत्तरेला, त्यामुळे उजवीकडे बसलास तर गंगेचं सपाट मैदानच बघत जाशील. शिवाय सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत तिरीप येत नाही.

मुंबईहून थेट जाण्यापेक्षा दिल्लीमार्गे जाताय तेच उत्तम. मुंबईचं विमान ईशान्येकडे जात असल्यामुळे डोंगर समोरून येतात आणि बाजूच्या खिडकीत उशिरा दिसतात. दिल्लीहून जाताना रांगेला समांतर उडतो आपण.

आता रांग. या मार्गावर बहुधा असणाऱ्या ए-320 विमानात साधारण ९ ते १९ या रांगा पंखावर येतात. पंख उड्डाणात वर उचलला जातो आणि त्याचं वळलेलं टोक नेमकं क्षितिजावर येतं, जिथे शिखरं असतात तिथेच. पंखामागे बसलास तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे समोरचं दृश्य थरथरतं, फोटो हललेला येतो. म्हणून ३ ते ७ मधली रांग घे; जादा पैसे लागले तरी या प्रवासात ते देण्यासारखे आहेत. दोघांना मिळून एकच खिडकी नको. ४ए आणि ५ए अशा पुढे-मागे घ्या, गप्पा काय घरीही होतात.

एक गोष्ट सीटच्या नकाशावर कळत नाही. या विमानात खिडक्या सुमारे ५३ सेंटीमीटर अंतराने असतात आणि सीटच्या रांगा ७१ ते ७६ सेंटीमीटरने. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून एखाद्या ‘खिडकी’च्या सीटवर खांद्याशी नुसती भिंत येते. तसं झालं तर पाठ सरळ करून थोडं पुढे झुकायचं. आदल्या दिवशी बुकिंग पुन्हा उघडून बघ. विमान बदललं की सीटही गुपचूप बदलते.

सकाळचं विमान घे. दुपारी डोंगरांवर ढग चढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने हवा धुतलेली असते, मार्च-एप्रिलमध्ये ती धुरकट होते.

वर गेल्यावर खाली शोधत बसू नकोस. विमान साधारण साडेदहा किलोमीटर उंचीवर, धवलगिरी ८,१६७ मीटर. म्हणजे शिखरं जवळजवळ क्षितिजाच्या रेषेवर दिसतात आणि पुष्कळ लोक त्यांना ढग समजून शटर ओढून झोपतात. ढगाची कड मऊ असते, बदलते. बर्फाची कड धारदार असते आणि तिच्या सावलीची बाजू निळसर दिसते. आधी धवलगिरी, मग कालीगंडकी नदीच्या दरीची खोल फट, मग अन्नपूर्णेची लांब भिंत आणि तिच्यापुढे माछापुच्छ्रेचा टोकदार त्रिकोण, त्यानंतर मनास्लू. त्या फटीकडे नीट बघ, मुक्तिनाथची वाट तिथूनच जाते.

फोटोसाठी मोबाइल काचेच्या अगदी जवळ धर, पण टेकवू नकोस, नाहीतर विमानाची थरथर त्यात उतरते. फ्लॅश बंद. गडद रंगाचा शर्ट घाल, म्हणजे काचेत तुझंच प्रतिबिंब कमी पडेल. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर मात्र लावू नकोस, या ॲक्रिलिकच्या काचेतून इंद्रधनुषी पट्टे उमटतात. काचेच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं, त्याच्याभोवती दव किंवा बर्फ धरतो. कॅमेरा त्याच्या वर धर.

काठमांडूला विमानं बऱ्याचदा आकाशात घिरट्या घालतात. तेव्हा दर वळणाला बाजू बदलते, डोंगर दिसेनासे झाले तर घाबरू नकोस.

पुढे काठमांडू-पोखरा पश्चिमेकडे, म्हणून तिथे उजवी बाजू. तिथल्या एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने खालचा भाग मोकळा दिसतो. या फेरीत बहुधा सीट नंबर नसतो, तेव्हा विमानापर्यंत नेणाऱ्या बसमधून उतरताना पुढे राहा. त्यापुढचं पोखरा-जोमसोम (मुक्तिनाथजवळचं विमानतळाचं गाव) विमान मात्र सकाळीच उडतं, कारण नंतर दरीत वारा सुटतो. तिथे दोन्ही बाजू सारख्याच, उजवीकडे अन्नपूर्णा-निलगिरी आणि डावीकडे धवलगिरी. वहिनींना एका बाजूला बसव, तू दुसऱ्या बाजूला बस, आणि येताना अदलाबदल करा.

तुझा,
मंदार