पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र: धूर आणि वादळ एकाच फायलीत घ्या

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा बिघडली की तुमच्याकडे मीटिंग लागते, रस्त्यावर पाणी मारायला टँकर निघतात, बिल्डर लोकांना हिरवी कापडं बांधायच्या नोटिसा जातात. मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ उठलं की मीटिंग लागते मदत व पुनर्वसन खात्यात. माणसं वेगळी, बजेट वेगळं, फाईल वेगळी. मला एवढंच सांगायचंय की ही फाईल एकच आहे, आणि तिच्यावरचं खरं काम तुमच्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तिकडे न पाठवता तुम्हाला लिहितोय.

आम्ही रायगडच्या श्रीवर्धन तालुक्यातले नारळ-सुपारीच्या वाड्यांचे मालक, म्हणजे वाडीवाले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा. पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, माड मधूनच मोडले, कौलं-पत्रे कुठल्या कुठे गेले आणि कितीतरी गावांत पुढे बरेच दिवस लाईट नव्हती. सरकारने हेक्टरी ५० हजार जाहीर केले, नाही म्हणत नाही, पण आमच्या वाड्या हेक्टरात नसतात हो, गुंठ्यात असतात, आणि पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे उत्पन्न द्यायला लागलीयेत. मधल्या वर्षांत घर कशावर चालवायचं याचं उत्तर कुठल्याच जीआरमध्ये नव्हतं, आणि बरीच तरुण पोरं त्यातच मुंबई-पुण्याला निघून गेली ती गेलीच.

त्याला वर्षही होत नाही तोवर मे २०२१ ला तौक्ते आलं. ते आमच्या बाजूने वर गुजरातला गेलं पण जाता जाता सगळा कोकण किनारा झोडपून गेलं. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा मोजला गेला, सांताक्रूझला २४ तासात २३० मिमी पाऊस, तोही मे महिन्यात! बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ कामगारांच्या राहण्याचा पी-३०५ बार्ज, म्हणजे सपाट तराफ्यासारखं जहाज, बुडाला, सत्तरहून जास्त कामगार घरी परत आले नाहीत. त्याआधी २०१९ ला क्यार, ते तर सुपर सायक्लोन होतं, नशीब की भर समुद्रातच विरलं. २०२३ चं बिपरजॉय कितीतरी दिवस समुद्रात घोंघावत राहिलं. आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची वादळं म्हणजे ओरिसा-आंध्राकडची गोष्ट, आपला दर्या पावसाळा सोडला तर शांत. ते खोटं बोलत नव्हते, तेव्हा तसंच होतं.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे मोजलंय. १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ अशा दोन काळांची तुलना केली तर अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलीयेत आणि ती टिकून राहण्याचा काळ ८० टक्क्यांनी वाढलाय. बंगालच्या उपसागरात उलट थोडी कमी झालीयेत. कारण काय तर आपला समुद्र पूर्वी त्या मानाने थंड असायचा आणि आता झपाट्याने तापतोय. वादळाला ताकद मिळते ती कोमट पाण्याच्या वाफेतून, आणि हवा एक डिग्रीने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, म्हणून वाराही वाढतो आणि पाऊसही.

इथपर्यंत तुम्हाला माहीतच असणार. पुढचं मात्र मंत्रालयात कोणी बोलताना मी ऐकलं नाही, म्हणून नीट लिहितो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत भारतावर आणि अरबी समुद्राच्या उत्तर भागावर धुराचा एक तपकिरी थर पसरलेला असतो. चुली, कोळसा, डिझेल, जाळलेला कचरा, जाळलेलं पीक सगळ्याचा मिळून. २०११ साली 'नेचर'मध्ये एक पेपर आला होता, लिहिणाऱ्यांत व्ही. रामनाथन हे हवामान शास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की हा थर ऊन अडवतो, त्यामुळे उत्तरेकडचा अरबी समुद्र आणि विषुववृत्ताकडचा समुद्र यांच्या तापमानातला फरक बदलतो, आणि त्याने खालचे वारे आणि उंचावरचे वारे यांच्यातली तफावत कमी होते. ही तफावतच एरवी मान्सूनच्या आधीची वादळं मोठी होऊ देत नाही, खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे ओढतो आणि वादळ उभं राहायच्या आत फाटतं. ती कमी झाली की वादळाला सरळ वर चढायला वाट मोकळी. म्हणजे आपल्या शहरांचा धूर नुसता फुफ्फुसात जात नाही, तो समुद्रावरही जाऊन बसतो.

यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झालाय हेही सांगतो, अर्धवट सांगून तुम्हाला फसवायचं नाहीये. काहींच्या मते वादळं जोरदार होण्यात मोठा वाटा ती मोसमात आधी यायला लागली याचा आहे. आणि धुरातले गंधकाचे कण थोडी उष्णता झाकूनही ठेवतात, म्हणजे नुसतं गंधक कमी केलं आणि काजळी व कार्बन डायऑक्साईड तसेच सोडले तर झाकलेली गरमी उघडी पडते. पण म्हणून गंधक राहू द्या असं कोणी म्हणू नये, कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरच्या लोकांनी ते छातीत घ्यायचं का? याचा अर्थ एवढाच की काजळी आणि कोळसा दोन्ही एकदम कमी करावं लागेल. त्यात काजळीचा एक मोठा फायदा आहे, ती हवेत काही दिवस, फार तर एखाद-दोन आठवडे राहते. कार्बन डायऑक्साईडचा बराचसा भाग शेकडो वर्षं राहतो. म्हणजे काजळी आज थांबवली तर फरक आपल्याच हयातीत दिसेल.

आता पैशाचं बघा. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत. पण शहरांची प्रगती मोजतात पीएम १० वर, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, मुख्यतः धुळीवर. दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेने २०२४ मध्ये देशभरचा हिशोब मांडला तर त्यातले ६४ टक्के पैसे रस्त्याची धूळ दाबण्यावर गेलेले आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही. धूळ वाईटच आहे, पण वादळाशी ज्याचा संबंध आहे तो धूर आहे, जळण आहे, आणि माणूस मरतो तोही जास्त करून धुरातल्या बारीक कणांनीच. पाणी मारून धूर जात नाही.

म्हणून मागणी अशी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांवर काजळी वेगळी मोजा आणि आकडे रोज लोकांना दिसू द्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर त्या १९ च्या यादीत नाही तर तिथेही केंद्रं वाढवा. हवेसाठी येणारा पैसा आधी जळणावर लावा, म्हणजे ऊसाचं पाचट न जाळता शेतातच कुजवायला शेतकऱ्याला हातात पैसे द्या, नुसती बंदी घालून तो काय करणार, गुऱ्हाळात आणि वीटभट्टीत टायर-प्लास्टिक जातं ते थांबवा, डम्पिंग ग्राउंडच्या आगींना कोण जबाबदार ते ठरवा, मुंबईच्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा बंद करायला हायकोर्टाने सांगितलंय तर छोट्या बेकरीवाल्याला गॅसची जोडणी आणि कर्ज मिळवून द्या. महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीची जुनी कोळशाची युनिटं कधी बंद होणार याच्या तारखा जाहीर करा. आणि कोकणासाठी वादळाचा जो काही आराखडा होईल, भूमिगत वीजवाहिन्या, निवारे, वाडीवाल्यांना झाड धरेपर्यंत दरवर्षीची मदत, तो तुमच्या आणि मदत व पुनर्वसन खात्याने एकत्र बसून करा, आणि त्या बैठकीला आमच्याकडचे मच्छीमार आणि बागायतदार बोलवा. वरच्या प्रत्येक मागणीवर तुमच्या खात्याचं काय म्हणणं आहे ते लेखी कळवावं ही विनंती.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक सुपारी बागायतदार