वाळवंटातलं गोडं पाणी : मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

रामराम. आमच्या जैसलमेरच्या फेरीचे फोटो पाहून तू फोनवर म्हणाला की वाळूचे फोटो सगळे सारखेच दिसतात गड्या, काय काय पाहिलं ते नीट लिहून पाठव. म्हणून आज वावरातून जरा लवकर येऊन बसलो. हरभऱ्याला घाटे धरले आहेत, रखवालीला आप्पा गेले, घरात कोणी नाही. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

गाडी मामेभावाची जुनी जिप्सी. आवाज करते, पेट्रोल पिते, सत्तरच्या वर गेली की बोलणं ऐकू येत नाही, पण वजनाला हलकी आहे, फोर व्हील आहे आणि लो गिअरचा वेगळा दांडा आहे, आणि वाळूत हेच तीन गुण लागतात हे मला तिथं गेल्यावर कळलं. मामेभाऊ, त्याचा एक गॅरेजवाला दोस्त आणि मी. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कणकेचा एक डबाच दिला होता. दर्यापूर, अकोला, मलकापूर, बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, तिथून रतलाम-मंदसौर-नीमच करत चित्तोड आणि मग जोधपूर. पार माळव्यापर्यंत आपली काळी माती सोबत येते, मंदसौर-नीमचकडे अफूच्या वावरात पांढरी फुलं लागली होती, तिथं लायसनवर अफू पिकवतात. चित्तोडच्या पुढे दगड दिसायला लागतो आणि जोधपूर सुटलं की वाळू, बाभळी, खेजडी. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमीच रे. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडं तोडू नये म्हणून अमृतादेवी आणि त्यांच्यासकट ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. आपल्याकडं धुऱ्यावरचं झाड विकताना आपण किती विचार करतो ते तुला माहीतच आहे.

फलोदीवरून गेलो. तिथं १९ मे २०१६ ला ५१ डिग्री तापमान होतं, आपल्याकडं ४६ झालं की आपण दार लावून पडतो. पण आम्ही गेलो ते जानेवारीत, दुपारी स्वेटर काढायचा आणि रात्री दोन-दोन ब्लँकेट घ्यायचे अशी हवा.

जैसलमेर किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो कारण ते तू यूट्यूबवर पाहशीलच. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेलं गाव, पिवळ्या दगडाचा किल्ला आणि अजूनही आत माणसं राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. मला जास्त आवडला तो आकलचा फॉसिल पार्क, गावापासून १७ किलोमीटर, १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडं दगड होऊन पडलेली आहेत. म्हणजे जिथं आज पाण्याचा थेंब नाही तिथं कधीकाळी जंगल होतं. त्या खोडावर हात ठेवून मी बराच वेळ बसलो, गॅरेजवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा उठलो.

आता वाळूबद्दल, कारण तुला गाड्यांचा नाद. तिथं एकट्या गाडीने वाळूत उतरायचंच नाही, म्हणून तिथलेच एक पन्नाशीचे वाटाडे सोबत घेतले, त्यांचा स्वतःचा फोर व्हील कॅम्पर, आम्ही त्यांना काकासा म्हणायचो. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर चारही टायरची हवा काढायला लावली. रोडवर आपण २८-३० ठेवतो ना, ती १५-१६ पीएसआयवर आणली. टायर चपटा झाला की जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी वरून निघते. पण मग झटक्यात वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निघतो. चढताना टिब्ब्याला, म्हणजे वाळूच्या टेकडीला, सरळ तोंडाने भिडायचं, आडवं जायचं नाही, आडव्यात गाडी कलंडते. थांबायचं असेल तर ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलेटर सोडून द्यायचा आणि गाडी आपोआप थांबू द्यायची, ब्रेक मारला की चाकापुढं वाळूची वरंडी साचते आणि पुन्हा निघताना तीच आडवी येते. आणि उभी करायची ती उताराकडं तोंड करून. हे सगळं ऐकायला सोपं आहे, पण पाय ब्रेकवर जातोच ना गड्या, आपण जन्मभर खड्ड्यातच गाडी चालवली.

टिब्ब्याची वाऱ्याकडची बाजू सपाट आणि घट्ट असते, पलीकडची एकदम उभी आणि भुसभुशीत, तिचा उतार ३४ डिग्रीच्या आसपास येऊन थांबतो, त्याहून उभी कोरडी वाळू राहतच नाही, घसरून खाली येते. म्हणून माथ्यावर पोचायच्या आधी ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा आणि पलीकडं काय आहे ते पाहून मगच उतरायचं. सकाळी वाळू थंड आणि ओलसर असते, गाडी छान चालते. दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावलीच पडत नाही आणि समोरचा कडा डोळ्याला दिसत नाही, सगळं एकसारखं सपाट वाटतं. काकासा बारा ते तीन गाडी हलवू देत नव्हते. आम्ही खेजडीखाली पडून राहायचो, चटणी-दशमी खायची आणि त्यांच्या गोष्टी ऐकायच्या.

रामगढकडच्या मोकळ्या टिब्ब्यांवर एकदा जिप्सी बसली, पार चाकांमधल्या डिफरेन्शियलच्या गोळ्यापर्यंत. मामेभाऊ ओरडला, "अबे बसली ना गाडी, दे रेस!" तर काकासांनी आधी चावी बंद करायला लावली. चाक फिरवलं की ते स्वतःचाच खड्डा खोल करतं. फावड्याने चाकापुढची वाळू काढली, पोटाखालची काढली, चाकांखाली फळ्यांसारख्या पाट्या सरकवल्या, टायरची हवा आणखी थोडी कमी केली आणि लोमध्ये हळूच, ज्या चाकोरीने आलो त्याच चाकोरीने मागं घेतली. पंधरावीस मिनिटांचं काम, घाम निघाला पण धक्का मारावा लागला नाही. आपल्या पावसाळ्यातल्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर फसतो तेव्हा आपण काय गोंधळ घालतो ते आठवून पाहा.

आणि एक गोष्ट काकासांनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितली की डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही, आणि सेवण गवतावरून तर कुठंच न्यायची नाही, कारण तेच तिथल्या गाईगुरांचं पोट आहे. मला हे फार पटलं. फिरायला येणारी पोरं टिब्ब्यावर धुरळा करत व्हिडिओ काढतात आणि गवत मोडून जातात, ते पुन्हा उगवायला पाऊस कुठून आणायचा? पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचा आहे आणि तिथं आणि आसपासच जगातले बहुतेक माळढोक उरले आहेत, सगळे मिळून दीडशेच्या आसपास. आम्हाला दुर्बिणीतून एक दिसला, गवतात मान वर करून हळूहळू चालत होता, बाप्पा केवढा पक्षी! त्याला समोरचं नीट दिसत नाही, वजन जास्त म्हणून एकदम वळताही येत नाही, मग विजेच्या तारांना धडकून मरतो. २०१९ पासून जैसलमेरजवळच्या सम गावी अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे. आपल्याकडं चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडे वावरात माळढोक दिसायचे ते तू पेपरमध्ये वाचलंच असशील. तो पक्षी पाहताना मला पोटात कसंतरीच झालं रे, आपल्या हातून जात असलेली गोष्ट अशी डोळ्यासमोर चालताना पहिल्यांदा पाहिली.

पाकिस्तान सीमेजवळच्या तनोटमातेच्या देवळात गेलो. जैसलमेरपासून १२० किलोमीटर. १९६५ च्या लढाईत देवळाच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, ते आजही देवळात मांडून ठेवलेत आणि पूजाअर्चा बीएसएफचे जवान करतात. तिथल्या एका जवानाने आमची नंबरप्लेट पाहून विचारलं, "कुठले हो तुम्ही?" तो बुलडाण्याचा निघाला. आम्ही त्याला शेंगदाण्याची चटणी दिली तर त्याने बोट लावून चाखली आणि काही बोललाच नाही थोडा वेळ. लोंगेवालाचं सीमेजवळचं ठाणंही पाहिलं, ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ला मेजर कुलदीपसिंह चांदपुरी आणि त्यांच्या पंजाब रेजिमेंटच्या जवानांनी रात्रभर रणगाडे अडवून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. पाकिस्तानी रणगाडे तिथल्या वाळूत फसले होते. आदल्या दिवशी आमची रिकामी जिप्सी बसलेली पाहिली होती ना, त्यामुळं तिथं उभं राहिल्यावर ती रात्र जरा जास्त समजली.

एका संध्याकाळी आम्ही रोडगे केले. काकासांच्या घरून गोवऱ्या आणल्या, कणीक होतीच, वांगी जैसलमेरच्या बाजारातून घेतलेली. तिकडं बाटी करतात, ते आपल्या रोडग्याचंच भावंड, पण पदराचा रोडगा त्यांनी पाहिला नव्हता. काकासांनी वांग्याची भाजी तिखट लागली तरी दोनदा घेतली आणि आम्हाला बाजरीची भाकर, केर-सांगरी आणि ताक दिलं. सांगरी म्हणजे त्या खेजडीच्याच शेंगा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जेवल्यावर काकासांनी पाणी दिलं, गोड पाणी. मी विचारलं कुठलं, तर म्हणाले पालर पाणी, म्हणजे पावसाचं. तिथं वर्षाला पाऊस पडतो २०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडं सातशेच्या आसपास. आणि खालचं पाणी तिथंही खारट, खोल आणि खारट, अगदी आपल्या खारपाणपट्ट्यासारखं. आपण दर्यापूरकडची माणसं, बोअर मारला की खारं पाणी, विहीर खणली की खारं पाणी, किडनीचे आजार घरोघर, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. मला वाटायचं की हे नशीबच असतं जमिनीचं. तर तिथं त्याच नशिबावर शेकडो वर्षं माणसं गोडं पाणी पिऊन राहतात.

त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. एक टाका, अंगणात जमिनीखाली गोल टाकी, तिच्याभोवतीची जमीन चोपून उताराची केलेली, त्या अंगणाला आगोर म्हणतात, तिथं चप्पल घालून जायचं नाही, गुरं जाऊ द्यायची नाहीत, पाऊस पडला की सगळं पाणी टाक्यात. दुसरी बेरी, ती पाहून तर मी थक्कच झालो. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा, म्हणजे खडूसारख्या दगडाचा थर असतो, त्यामुळं पावसाची ओल खाली खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वरच अडकून राहते. त्या ओलीपर्यंत अगदी अरुंद विहीर खणतात, रात्रभर पाझरून काही बादल्या पाणी जमतं. अरुंद का, तर थोडं पाणी रुंद जागेत पसरलं तर बादली बुडणार नाही आणि उडूनही जाईल.

तिसरी खडीन, आणि ही तुझ्या-माझ्या कामाची. दगडी उताराच्या खाली मातीचा लांब बांध घालायचा, चार-दोन पाऊस पडले की उतारावरचं सगळं पाणी बांधाआड येऊन थांबतं, जास्तीचं सांडव्यावरून जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाणी मुरतं, गाळ बसतो, खार खाली धुऊन जातो, आणि मग त्याच ओलीवर गहू, हरभरा पेरतात. एकही पाणी द्यायचं नाही. पंधराव्या शतकात पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत बसवली, ते लोक पुढे कुलधरा आणि आजूबाजूची गावं सोडून गेले, घरांच्या भिंती उभ्या आहेत नुसत्या, पण खडिनी अजून पिकतात. मी त्या बांधावर उभा राहून हरभरा पाहिला. पाण्याशिवायचा हरभरा आपणही घेतोच की, खरिपात वावर पडीत ठेवून, पण आपण ओल काळ्या मातीच्या भरवशावर सोडतो, हे लोक ती बांध घालून धरून ठेवतात.

इंदिरा गांधी कालवाही पाहिला, सतलज-बियासच्या संगमावरच्या हरिकेपासून इतक्या लांब पाणी येतं, १९५८ मध्ये काम सुरू झालं होतं. कालव्याकाठी हिरवंगार आहे. पण काकासा म्हणाले की कालवा आल्यावर पोरांनी टाके साफ करणं सोडलं, आणि कालवा बंद असला की आता टँकर येतो. मला ते ऐकून आपल्या गावची नळयोजना आठवली, नळ आला आणि घरातले रांजणसुद्धा गेले.

तर माझं ठरलं आहे. घरावरचे टिनपत्रे साधारण १०० चौरस मीटर भरतात, पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ७०,००० लिटर पाणी पत्र्यावरून जातं, नासधूस सोडून ५०,००० धर. पिण्याला आणि स्वयंपाकाला आम्हाला रोज ५० लिटर लागतं, वर्षाचं १८,२५० लिटर. म्हणजे १० फूट व्यासाचा आणि १० फूट खोल टाका पुरतो, त्यात २२,००० लिटर मावतं. अडचण एकच, आपली माती. वाळूत आणि दगडात भिंत टिकते, पण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात वावभर भेगा देते, भिंत तडकणार. आणि आपल्याकडं कितीही खणलं तरी मुरूम लागत नाही हे तुला माहीत आहे. मुरूम बाहेरून आणून भिंतीभोवती भरायचा का, का टाका अर्धा जमिनीच्या वर ठेवायचा, सळई किती, खालचा स्लॅब किती जाडीचा, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायला पाइप कसा बसवायचा, हे तू सिव्हिलवाला, तू सांगायचं. पुण्यात बिल्डरच्या टाक्या काढतोस ना रोज, एक आपल्या गावची काढ. आप्पांनी आधी "कायले रे हे नवीन खूळ" म्हटलं, मग हिशेब दाखवला तर स्वतःच दोरी घेऊन अंगण मोजलं त्यांनी.

ड्रॉइंग मार्चअखेर पाठव म्हणजे एप्रिल-मेमध्ये खोदकाम होईल आणि मिरगाच्या आधी टाका तयार असेल. गवंडी आपला ओळखीचाच आहे, मजुरीचं बोलून ठेवलं. आणि पुढच्या जानेवारीत मामेभाऊ पुन्हा निघतो आहे, या वेळी खुरीच्या बाजूला, गाडीत एक जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, सुट्टी आत्ताच टाकून ठेव. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांना आठवण.

तुझाच

ता.क. खालच्या नाल्याजवळच्या तुमच्या वावरात दरवर्षी पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडते ना, तिथं बांध आणि सांडवा काढून खरीप सोडायचा आणि नुसता हरभरा घ्यायचा, असं तुझ्या बाबांशी एकदा बोलून पाहा. मी बोललो तर ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.