मंत्रीसाहेब, माझ्या वडिलांच्या नावातला तो एक 'ए' तुम्हीच काढून घ्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डॉक्टर होऊनही डॉक्टर नसल्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि. पत्रास कारण की परवा गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर म्हणून कायम नोंदणीचा माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. मी तेव्हा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, मोबाईल वाजला, वाटलं झालं एकदाचं. उघडून बघते तर तेच लाल अक्षरात, 'त्रुटी आढळली'. झेरॉक्सवाल्या काकांना आता सगळं माहितीये, माझा चेहरा बघून त्यांनी न विचारता परत सगळा सेट मशीनवर ठेवला.

तुमचा वेळ मौल्यवान आहे याची जाणीव आहे म्हणून थोडक्यात सांगते. मी निफाड तालुक्यातली, वडील कांदा-द्राक्षवाले, द्राक्ष आता नावालाच, २ एकर राहिलीत. मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप, सगळे पेपर पहिल्या झटक्यात. इंटर्नशिप संपली, कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालं, तात्पुरती नोंदणी संपली, आता फक्त कायम नोंदणीचा नंबर यायचाय. तो नंबर आला की मी डॉक्टर. नाही आला तर मी पंचवटीत भाड्याच्या खोलीत राहणारी, पेशंटला हात लावायची परवानगी नसलेली एक मुलगी.

आता त्रुटी काय ते ऐका. माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत त्यांच्या नावाच्या शेवटी एक 'ए' आहे. एमबीबीएसच्या कागदांवर तो नाहीये. बस. एवढंच. अॅडमिशनच्या वेळी कॉलेजच्या क्लार्कनं तो खाल्ला, मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं, मी जाऊन सांगितलं पण होतं, तर म्हणाले "जाऊ दे गं बाई, त्यानं काय फरक पडतो, मराठीत एकच ना". बरोबरच होतं त्यांचं. मराठीत एकच. घरी पण एकच माणूस आहे, रोज रात्री आठला जेवतो, गुडघे दुखतात, कांद्याचा भाव बघून झोपतो.

पहिल्यांदा अर्ज परत आला तेव्हा सांगितलं, नावात तफावत, प्रतिज्ञापत्र जोडा. जोडलं. नोटरीकडून. दुसऱ्यांदा परत, म्हणे नोटरीचं नको कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं पाहिजे. ठीक आहे. तहसीलला दोन दिवस. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही असं सरकारनंच जाहीर केलंय, पण बाहेरचा टायपिस्ट म्हणाला "मॅडम, साध्या कागदावर दिलं तर परत पाठवतात, कशाला रिस्क घेता", म्हणून ५०० चा स्टॅम्प. आता तिसऱ्यांदा काय, तर 'प्रतिज्ञापत्र अस्पष्ट. राजपत्राची प्रत जोडावी.'

साहेब, राजपत्र नाव बदलल्यावर निघतं. कुणी बदललंय नाव? माझ्या वडिलांनी साठीच्या वयात काय नाव बदललं? आणि समजा काढलं राजपत्र, तर त्यात लिहायचं काय, की मी दत्तात्रय, आजपासून दत्तात्रय या नावाने ओळखला जाईन?

हे घरी सांगितलं तर वडील काही बोलले नाहीत. मग जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "मग मीच बदलून टाकू का नाव? सोपं काहीतरी ठेवू. राम." ते हसले, आई हसली, मला नाही हसायला आलं.

मध्ये मी मुंबईला पण जाऊन आले. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, जनरलच्या डब्यात कसाऱ्यापर्यंत उभी, पाठीला फाईलची बॅग. ऑफिस कुठलं ते नाव घेत नाही, तुम्हाला कळलं तर कळलं. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ऑनलाईन केलंय ना? मग इथं कशाला आलात?" मी म्हटलं ऑनलाईन परत आलंय. "मग ऑनलाईनच उत्तर द्या." ऑनलाईनच दिलंय सर. "मग वाट बघा." ओरिजिनल कागद दाखवू का? "इथं ओरिजिनल घेत नाही, अपलोड करा." म्हणजे माणूस समोर उभाय, कागद हातात आहे, वडिलांचं आधार कार्ड पण आणलंय, पण तुम्हाला बघायचंय ते ५०० केबीत दाबून पाठवलेलं पुसट पीडीएफ, आणि मग तेच पुसट आहे म्हणून परत पाठवायचं. शेवटी एका बाईंनी दया येऊन अर्ज नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या "पंधरा दिवसांत होऊन जाईल बेटा, निश्चिंत जा". त्याला आज ४७ दिवस झाले. मी निश्चिंतच आहे.

बाहेर चहाच्या टपरीवर एकजण स्वतःहून आला, मॅडम नोंदणीचं काम का, करून देतो, पाच लागतील. पाच म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण एक प्रश्न पडला, की जो 'ए' प्रतिज्ञापत्रानं जात नाही तो पाचानं कसा जातो.

आता खरा घोळ. मी सरकारी कॉलेजची, म्हणजे बॉण्ड आलाच, एक वर्ष सरकारी सेवा द्या नाहीतर १० लाख भरा. माझी तक्रार नाहीये, लोकांच्या पैशावर शिकले, द्यायलाच पाहिजे वर्ष, उलट मी वाट बघत होते. सुरगाण्याकडचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. मैत्रिणी म्हणाल्या अरे बापरे तिकडं, मी म्हटलं चालतंय की, आपल्याच जिल्ह्यात आहे. जॉइन व्हायला गेले तर तिथं पहिला कागद मागितला तो कायम नोंदणीचा. नाही म्हटल्यावर तिथले साहेब चांगले होते, चहा दिला, म्हणाले "मी काय करू मॅडम, तुम्हाला घेतलं तर माझी नोकरी जाईल". मुदत मागच्या शुक्रवारी संपली. म्हणजे सरकारच्या एका खिडकीनं मला नंबर द्यायचा नाही, दुसऱ्या खिडकीनं नंबर नाही म्हणून जॉइन करून घ्यायचं नाही, आणि तिसरी खिडकी जॉइन झाली नाही म्हणून १० लाखांची नोटीस काढायला मोकळी. १० लाख म्हणजे आमच्याकडं किती क्विंटल कांदा होतो ते एकदा लासलगावला येऊन विचारा, तिथल्या भावानं हिशेब करायला बसलात तर कॅल्क्युलेटर फेकून द्याल.

त्या केंद्राच्या बाहेर ओट्यावर एक बाई बसली होती, सात-आठ महिन्यांची पोटुशी असेल, पायांवर इतकी सूज की चपलेचा पट्टा रुतलेला. मी थांबून विचारलं डोकं दुखतं का, डोळ्यांसमोर अंधारी येते का, तर म्हणे हो दोन दिवस झाले. बीपी बघायला पाहिजे हे मला दहा पावलांवरून दिसत होतं. आत जाऊन सिस्टरला सांगितलं, तिनं लगेच मशीन लावलं, १६० च्या वर होतं, १०८ ला फोन केला. झालं ते चांगलंच झालं. पण सिस्टरनं रजिस्टरमध्ये लिहिताना मला विचारलं, "मॅडम, तुमचं नाव कशात टाकू?" मी म्हटलं नका टाकू.

आणि नाव टाकायचं तरी कसं, कायदा माहितीये मला. २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, कलम ३४, नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा योग्यच आहे हो. फक्त आमच्या गावाच्या फाट्यावर एक 'डॉक्टर' बसतात त्यांना तो कुणीतरी वाचून दाखवा. पदवी कसली ते कुणालाच माहीत नाही, बोर्डावर नुसतं डॉक्टर, ताप असो खोकला असो एक सलाईन एक इंजेक्शन, ३०० रुपये. त्यांना कुणी विचारत नाही बापाच्या नावात किती 'ए' आहेत. मागच्या महिन्यात शेजारच्या आजीच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, रात्रीचे नऊ, मला म्हणाल्या चिठ्ठी लिहून दे की पोरी, तू तर डॉक्टर झालीस ना. गोळी मला माहीत, डोस माहीत, ५ मिलीग्रॅम, दोन वर्षांपासून तीच चालूये. पण चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लागतो. मी म्हटलं आजी, उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन आणू. आजी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर फाट्यावर जाऊन सलाईन लावून आल्या. बीपीच्या पेशंटला सलाईन! आणि मला वर म्हणाल्या, "त्याच्याकडं शिक्का आहे बाई."

संसदेत सांगतात देशात ८११ माणसांमागे एक डॉक्टर आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारला एकपेक्षा आपण पुढं. छान. त्यात आयुषवाले म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरेंचे डॉक्टर पण धरलेत आणि नोंदणी झालेल्यांतले ८० टक्के हजर आहेत असं गृहीत धरलंय ते कुणी मोठ्यानं वाचत नाही. सुरगाण्यात तो आकडा किती ते मी सांगू शकत नाही, पण त्या ओट्यावर तरी डॉक्टर म्हणून एकच होती, मी, आणि ती पण चहा पिऊन परत गेली. एमबीबीएसच्या जागा २०१४ मध्ये ५१ हजार होत्या आता सव्वा लाखाच्या पुढं गेल्यात, दर वर्षी फीत कापायचे फोटो येतात. अहो पण एवढे डॉक्टर तयार करून त्यांना नंबर द्यायला माणसं आहेत का तुमच्याकडं? की कॉलेजं वाढवायची आणि खिडकी तेवढीच ठेवायची? २०१९ च्याच कायद्यात लिहिलं होतं की तीन वर्षांत 'नेक्स्ट' नावाची परीक्षा सुरू होणार, ती पास झालं की परवाना, आम्ही पहिल्या वर्षापासून त्या भीतीनं अर्धमेले, ती अजून 'नेक्स्ट'च आहे. मग ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीनं राष्ट्रीय नोंदवहीचं वेगळं पोर्टल काढलं, म्हणजे इथला नंबर मिळाला की तिथं परत अर्ज, परत अपलोड. तिथं पण दत्तात्रय यायचेतच.

२०२५ मध्ये होमिओपॅथीवाल्यांनी सीसीएमपीचा, म्हणजे अॅलोपॅथीच्या औषधांचा, एक वर्षाचा कोर्स केला तर त्यांची नोंदणी करायची की नाही यावरून किती गदारोळ झाला, डॉक्टरांचा संप झाला, टीव्हीवर चर्चा. माझं त्या लोकांशी भांडण नाही. मी फक्त बघत बसले होते की नोंदणी कुणाला द्यायची यावर एवढी माणसं भांडतात, आणि जिला द्यायचीच आहे हे सगळ्यांना मान्य आहे तिच्या फाईलकडं बघायला एक माणूस मिळत नाही.

आणि गंमत बघा, मला पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकलाच आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडनं रिक्षानं वीस मिनिटं. तिथं माझा सगळा रेकॉर्ड आहे, पहिल्या वर्षापासूनचा, हॉल तिकीटच्या फोटोसकट. दहावीचा रेकॉर्ड बोर्डाकडं आहे, बोर्डाचं पण विभागीय ऑफिस नाशिकलाच. आधार सरकारकडं. जातीचा दाखला सरकारकडं, त्यावर वडिलांचं नाव. जातपडताळणी झाली तेव्हा तर आजोबांपर्यंत शोधलं होतं तुम्ही आम्हाला. मग हा एक माणूस तोच आहे की नाही हे तुमची सगळी ऑफिसं मिळून सांगू शकत नाहीत आणि मी ५०० च्या स्टॅम्पवर सांगायचं? तुमचेच कागद मी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात स्वतःच्या खर्चानं नेऊन देतेय, हमाली म्हणतात याला.

आतापर्यंतचा खर्च मी लिहून ठेवलाय, फी, लेट फी, स्टॅम्प, दोन मुंबई फेऱ्या, झेरॉक्स, एकदा पेमेंट कट झालं आणि पोर्टलवर 'पेंडिंग' राहिलं म्हणून परत भरलं ते, सगळं धरून ११ हजारांच्या पुढं गेलंय, आई म्हणते १४ झालेत, तिचाच आकडा बरोबर असेल कारण पैसे तिनं दिलेत. खोलीचं भाडं वेगळं. इंटर्नशिपमध्ये महिन्याला मिळायचे त्यातले साठवलेले होते ते संपले. कोविडमध्ये थाळ्या वाजवल्या होत्या ना आमच्या लोकांसाठी, मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते, फार भारी वाटलं होतं, आता एखादी थाळी त्या काउंटरवर वाजवावी वाटते.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा पण वाचून काढला मी. मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड. जोशात अपील लिहायला घेतलं, तर काका म्हणाले आधी बघ तुझी सेवा त्या यादीत आहे का. आता यादी शोधतेय. ती पण पीडीएफ आहे, स्कॅन केलेली, पुसट. तिला कोण त्रुटी काढणार?

२०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे. नाशिकमध्ये जिकडं बघाल तिकडं खोदून ठेवलंय, कोट्यवधी लोक येणार म्हणतात. तेव्हा तुम्हाला डॉक्टर लागतील साहेब, गोदाघाटावर तंबूत बसायला. तेव्हा जाहिरात निघेल, 'तातडीने पाहिजेत', आणि खाली बारीक अक्षरात, कायम नोंदणी आवश्यक.

मागणं फार नाहीये. माझा अर्ज एखाद्या जिवंत माणसानं ओरिजिनल कागद समोर ठेवून पाच मिनिटं बघावा. बॉण्डची मुदत नंबर मिळाल्या दिवसापासून मोजावी, कारण उशीर माझ्यामुळं झालेला नाही. आणि जमलं तर नाशिकलाच महिन्यातून एक दिवस कागद तपासणी ठेवा, विद्यापीठाच्या आवारात जागा भरपूर आहे, उत्तर महाराष्ट्रातल्या पोरांची मुंबई फेरी वाचेल. नंदुरबारचा एक बॅचमेट आहे माझा, त्याला तर आदल्या रात्रीच निघावं लागतं.

येत्या सोमवारी मी परत येतेय, सकाळच्या पंचवटीनंच. या वेळी वडील पण येणार आहेत. म्हणाले, मीच उभा राहतो काउंटरवर, मला बघू दे ते काय तफावत म्हणतात.

आपली,
एमबीबीएस, नोंदणी प्रलंबित
पंचवटी, नाशिक

ता.क. सही खाली पूर्ण नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. वडिलांचं नाव लिहावं लागलं असतं, आणि कुठलं स्पेलिंग टाकायचं ते अजून ठरायचंय.