बाहेरच्या गिलाव्याचा खर्च: आधी भिंत मोजा, मग ठेकेदार निवडा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय: इमारतीच्या बाहेरील प्लास्टर व रंगकामासाठी आलेल्या कोटेशनांबाबत

स.न.वि.वि.

सभेच्या सूचनेसोबत सचिवांनी तिन्ही कोटेशनं सगळ्या सभासदांना पाठवली, हे फार बरं झालं. मागच्या रंगकामाच्या वेळी आम्हाला आकडा कळला तो थेट वर्गणीच्या बिलावर. माझी नोकरी बिलं तपासण्यात गेली, त्यामुळे कागद हातात आला की दर बघायच्या आधी मी मोजमाप बघते. इथे गाडी तिथेच अडली आहे.

पहिल्या ठेकेदाराने बाहेरच्या भिंतींचं क्षेत्रफळ २२,८०० चौरस फूट धरलं आहे, दुसऱ्याने १९,५००, तर तिसऱ्याने २७,०००. इमारत तीच, भिंती त्याच. एकाने खिडक्या वजा केल्या असतील, दुसऱ्याने डक्टच्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उघड्या पोकळीच्या) आतल्या भिंती सोडल्या असतील, तिसऱ्याने बाल्कन्यांची आतली बाजूही घेतली असेल. कागदावर कुणीच काही लिहिलेलं नाही. याचा परिणाम पाहा. पहिल्याचा दर पूर्ण प्लास्टर आणि रंग मिळून १३१ रुपये चौरस फूट, तिसऱ्याचा ११० रुपये. दर २१ रुपयांनी कमी म्हणून तिसरा स्वस्त वाटतो. पण जीएसटी सोडून पहिल्याचं बिल २९,८६,८०० आणि तिसऱ्याचं २९,७०,००० होतं. फरक अवघा १६,८०० रुपयांचा. स्वस्ताई सगळी क्षेत्रफळात जिरली.

म्हणून माझं पहिलं मागणं असं: मोजमाप संस्थेने स्वतःच्या खर्चाने, ठेकेदाराशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावं आणि तोच तक्ता तिघांना देऊन नव्याने दर मागवावेत. मोजायचे नियम आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकात ठरलेले आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करत नाहीत, मोठ्यांचं काय करायचं तेही दिलेलं आहे. निविदेत एवढा एक उल्लेख घातला तरी पुढचे निम्मे वाद मिटतील.

आता दुसऱ्या ठेकेदाराविषयी. तडे भरून वर इलॅस्टोमेरिक (रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या) रंगाचे दोन हात, ३४ रुपये दराने ६,६३,०००, जीएसटीसह ७,८२,३४०. घरटी सरासरी २८ हजार. सभेत याच कोटेशनला टाळ्या पडतील हे मला ठाऊक आहे, म्हणूनच आधी लिहिते. केसासारखे तडे असतील तर हा रंग चांगला. तो ताणला जातो आणि तडा झाकून धरतो. पण रंग प्लास्टरला चिकटतो. प्लास्टरनेच भिंत सोडली असेल तर रंग काय करणार? शिवाय ओल्या भिंतीवर असा जाड रंग लावला की आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. त्या कोटेशनमधल्या ‘१० वर्षं गॅरंटी’वर फार विसंबू नये. अशी हमी बहुतेक वेळा रंगाच्या थरापुरती असते, खालच्या प्लास्टरची नसते.

आपल्या पश्चिमेच्या भिंतीची अवस्था तुम्ही रोज पार्किंगमधून बघताच. कोकणपट्टीत पावसाळी वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून ही बाजू चार महिने झोडपली जाते. पूर्वेची भिंत तेवढ्याच वयाची असूनही तिला नुसती काजळी धरली आहे. पश्चिमेला मात्र चौथ्या मजल्यापासून वर बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ आडवे तडे गेले आहेत. काँक्रीट आणि वीट उन्हा-पाण्यात सारखी हालत नाहीत, म्हणून त्या सांध्यावर प्लास्टरच्या आत कोंबडी जाळी (बारीक तारेची जाळी) बसवतात. आपल्याकडे ती बसवलेली दिसत नाही. पाचव्या मजल्यावर जिथे पोपडा पडला, तिथे खालून नुसती वीट आणि गुळगुळीत बीम दिसतो. प्लास्टर धरावं म्हणून बीमला छिन्नीने टाचेसुद्धा (खाचासुद्धा) मारलेले नाहीत. प्लास्टर धरून राहणार कशाला?

या पोपड्यांच्या वजनाचा हिशेब कुणी केला आहे का? साधारण २० मिलिमीटर जाडीच्या सिमेंट प्लास्टरचं वजन चौरस फुटाला जवळजवळ चार किलो भरतं. दहा चौरस फुटांचा तुकडा सुटला तर चाळीस किलो. खाली दुचाकी लावतात आणि संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात.

तरीही पहिल्या ठेकेदाराचा ‘चारी बाजू सोलून नवीन प्लास्टर’ हा उपाय मला पटत नाही. जीएसटीसह ३५,२४,४२४ म्हणजे घरटी सरासरी सव्वा लाख. पूर्वेचं घट्ट प्लास्टर छिन्नीने फोडायचं, त्या हादऱ्यांनी आतल्या घरांच्या टाइल्स हलवायच्या, डेब्रिज उचलायचे पैसे द्यायचे आणि तिथेच पुन्हा प्लास्टर करायचं. कशासाठी? परांची बांधल्यावर आधी हातोडीने भिंत ठोकून बघतात. घट्ट प्लास्टर खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे खडूने चौकोन आखायचा, इंजिनिअर, ठेकेदार आणि समितीचा एक माणूस यांनी मिळून मोजायचा, फोटो काढायचा आणि तेवढंच तोडायचं.

मी अंदाजाने मांडलेला हिशेब असा. पश्चिमेची ५,५०० चौरस फुटांची भिंत पूर्ण नवी, १०५ रुपयांनी ५,७७,५००. उरलेल्या तीन बाजूंच्या १६,००० पैकी १५ टक्के, म्हणजे २,४०० चौरस फूट तुकड्या-तुकड्यांनी. हे काम किचकट म्हणून दर १३० धरला, ३,१२,०००. सगळ्या २१,५०० वर रंग, २६ रुपयांनी ५,५९,०००. काँक्रीटच्या दुरुस्तीसाठी वेगळे ३,००,०००. बेरीज १७,४८,५००, जीएसटीसह २०,६३,२३०. घरटी सरासरी ७४ हजारांच्या आत. ठोकून पाहिल्यावर १५ टक्क्यांचे २५ होतील किंवा ८ होतील. जे निघेल त्याचं बिल द्यावं, एकगठ्ठा रकमेचा करार करू नये.

काँक्रीटचे ते तीन लाख मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. छज्ज्यांच्या कडांना गंजाचे ओघळ दिसतात, याचा अर्थ आतली सळई गंजते आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर काढतं. अशा जागी नुसतं प्लास्टर थापणं म्हणजे पैसे वाया. सळई उघडी करून गंज घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा, गरज असेल तिथे जोड सळई घालायची आणि पॉलिमर मॉर्टरने भरायचं. तिन्ही कोटेशनांत याची ओळच नाही. ती मागाहून ‘जादा काम’ म्हणून येते, आणि तेव्हा परांची बांधलेली असल्यामुळे ठेकेदार सांगेल तो दर द्यावा लागतो.

डक्टमधली ओल पावसाची नाही. ड्रेनेज पाइपांचे सांधे गळतात आणि दोन ठिकाणी सांध्यातून पिंपळ उगवला आहे. दरवर्षी आपण तो वरून छाटतो, तो दरवर्षी येतो. मुळासकट काढून, पाइप बदलून, मग भिंतीला हात लावावा. क्रम उलटा झाला तर नव्या प्लास्टरला पहिल्याच वर्षी लोणा लागेल, म्हणजे ओलीने पांढरा क्षार फुटेल.

निविदेत आणखी काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. प्लास्टर दोन हातांत, पहिला १२ ते १५ मिलिमीटर, दुसरा ६ ते ८. एकाच दिवशी जाड थर थापून मोकळं व्हायचं नाही. पाणी मारणं किमान सात दिवस. बाहेरच्या कामात सगळ्यात जास्त चुकारपणा इथेच होतो, कारण सातव्या मजल्यावर पाइप घेऊन चढायचा कंटाळा. टँकर लागला तर पैसे कुणी द्यायचे हेही आधी ठरवावं. रंगाचे डबे आपल्या वॉचमनसमोर उघडावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत मोजून ठेवावेत. प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवावेत आणि ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच सोडावेत.

वर्गणीबद्दल. पूर्वेकडच्या काही सभासदांचं म्हणणं आहे की आमच्या घरात ओल नाही, आम्ही का भरायचं? बाहेरची भिंत संस्थेची आहे, कुणा एका घराची नाही, खर्च सगळ्यांचाच. मात्र ‘घरटी सारखे’ ही सूचनाही बरोबर नाही. आदर्श उपविधींमध्ये (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीत) दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ टक्के, असा आकारतात. मोठ्या घराने जास्त द्यायचं. माझा फ्लॅट दोन बेडरूमचा आहे, म्हणजे या हिशेबाने माझ्यावर सरासरीपेक्षा जास्त बसतील. बसू देत.

१५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं. आपलं शेवटचं कधी झालं ते कागदावर सापडत नाही. ते आणि मोजमाप एकाच इंजिनिअरकडून करून घेतलं तर फी वाचेल. भिंती आता वाळायला लागल्या आहेत, त्यामुळे नोव्हेंबरात निविदा आणि डिसेंबरात काम सुरू झालं तर पावसाआधी रंगासकट उरकेल. येत्या सभेत ठेकेदार ठरवू नये, फक्त इंजिनिअरची नेमणूक आणि त्याची फी एवढाच ठराव घ्यावा. मोजमापाच्या वेळी समितीच्या वतीने वही घेऊन उभं राहायला मी तयार आहे.

एका गोष्टीसाठी मात्र सभेची वाट पाहू नये. पश्चिमेच्या भिंतीखालची जागा दोरी लावून बंद करावी, गाड्या पूर्वेला हलवाव्यात आणि पहिल्या मजल्यावर मजबूत जाळी आडवी बांधून घ्यावी. आपल्याएवढ्या, म्हणजे २६ ते ५० सभासदांच्या संस्थेत ५०,००० रुपयांपर्यंतचा दुरुस्ती खर्च समिती स्वतःच्या अधिकारात करू शकते. जाळीचं काम त्यात बसतं. ते या आठवड्यातच व्हावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ५०२

प्रत: मा. सचिव, मा. खजिनदार