प्रकल्प कपाटात नको, मागावर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे प्रकल्पाचे विषय ठरायचे दिवस आता आले आहेत, म्हणून हे पत्र. मी सोलापूरच्या पूर्व भागातला टॉवेल कारखानदार. आजोबा तेलंगणातून आले आणि जुन्या गिरणीत लागले. वडिलांनी दोन माग टाकले, माझ्याकडे आज बारा आहेत. घरात तेलुगू, बाजारात मराठी. शिक्षण बारावीपर्यंत. विद्यापीठ आणि उद्योग यांनी हातात हात घालून चालावे, असे भाषणांतून आपण नेहमी ऐकतो. मला ते मनापासून पटते, पण भाषणामुळे नाही. माझ्या कारखान्यात जे घडले त्यामुळे.

तीन वर्षांपूर्वी मरून काठाच्या टॉवेलांचा माझा एक लॉट परत आला. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पांढऱ्यावर उतरत होता. रंगाऱ्याने मीठ वाढवले, सोडा वाढवला. मी दुसऱ्या कंपनीचा महाग रंग आणून दिला. लडी वाळत घातल्या की रंग असा खुलायचा की वाटावे, यावेळी जमले. विणून झाल्यावर टॉवेल भिजवला की पुन्हा तेच. असे तीन लॉट गेले. घरी कुणाशी धड बोलावेसे वाटेना.

भाच्याच्या ओळखीने एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या सरांना भेटलो. रंगाची पुडी आणि टॉवेलचा तुकडा सोबत नेला होता. त्यांनी पुडीकडे पाहिलेही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘पाणी कुठले वापरता?’’ मी म्हटले, बोअरचे. दुसऱ्या दिवशी त्यांची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी बाटल्या घेऊन कारखान्यात हजर. एक बाटली बोअरच्या पाण्याची भरली, एक नळाच्या आणि एक टाकीच्या तळाची.

प्रयोगशाळेत ती तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली. काचेच्या भांड्यातल्या पाण्यात तिने कसलेसे औषध टाकले तसे ते डाळिंबाच्या रसासारखे लाल झाले. वरच्या उभ्या नळीतून ती थेंब थेंब सोडत होती. नळाचे पाणी थोड्याच वेळात निळे झाले. बोअरच्या पाण्याला थेंब पडतच राहिले, नळी रिकामी झाली, पुन्हा भरली, तेव्हा कुठे ते निळे झाले. जेवढे जास्त थेंब लागले तेवढे पाणी जड, तिने समजावून सांगितले. या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगाच्या गुठळ्या करतात. जो रंग सुतात मुरलेलाच नसतो, तोही धुलाईत निघून न जाता सुतावर बसून राहतो आणि पुढे गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. उपाय साधा होता. रंगाईला आणि धुलाईला कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून मऊ केलेले पाणी वापरायचे, आणि शेवटची साबणाची धुलाई उकळीच्या जवळ तापलेल्या पाण्यात करायची. माझे पैसे रंगात जात होते आणि दोष पाण्यात होता. त्यानंतर रंगासाठी माझा एकही लॉट परत आलेला नाही.

त्या मुलीचे काय झाले, हेही सांगायला हवे. ती मला म्हणाली, ‘‘काका, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच माहीत असते. इथे मला खरंच माहीत नव्हते.’’ आज ती एका कापड प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. मुलाखतीत तिला बहुतेक प्रश्न याच कामावर विचारले. सरांनाही पुढच्या तुकडीसाठी विषय मिळाला. एका जड पाण्याच्या बाटलीने तिघांचे भले केले.

पण हे ओळखीने झाले, आणि नेमके तेच मला टोचते. माझा भाचा त्या महाविद्यालयात नसता तर मी आणखी तीन लॉट घालवले असते. आमच्या गल्लीत असे कितीतरी जण आहेत. २००४ साली सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. विद्यापीठ ज्या महामार्गावर आहे, त्याच महामार्गावर केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बागेवर तेल्या रोग आला की कोणते दार ठोठवायचे, हे डाळिंबवाल्याला ठाऊक असते. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन नाव जपते, रंग पक्का करत नाही. मागवाल्याने कोणते दार ठोठवायचे?

हे मी काही जगावेगळे मागत नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा सुरुवातीच्या विषयांत कापडाचे रसायनशास्त्र होते, कारण शहरात गिरण्या होत्या. अहमदाबादेत १९४७ मध्ये गिरणीमालक आणि विक्रम साराभाईंसारखे शास्त्रज्ञ यांनी मिळून वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था उभी केली. आणि फार लांब कशाला जायचे, आपल्यासारख्याच यंत्रमागाच्या इचलकरंजीत १९८२ पासून वस्त्र अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे.

दोष एका बाजूचा नाही. आम्ही कारखानदार रंगाचे प्रमाण सख्ख्या भावालाही सांगत नाही, मग विद्यार्थ्याला काय दाखवणार? इंटर्नशिपला आलेल्या मुलाला गाठोडी मोजायला बसवतो आणि महिनाअखेर सही-शिक्का देऊन मोकळे होतो. हे आपण थांबवले पाहिजे. भीती असेल तर एका पानाचा करार करा, त्यात गुप्तता लिहा, काही नवे निघाले तर हक्क कोणाचा तेही लिहा. पैशांचेही तसेच. शिकाऊ उमेदवार घेण्याची छोट्या कारखान्यांवर सक्ती नसली तरी मुभा आहे, आणि पदवी-पदविकाधारक उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. एकट्याला तपासणी परवडत नसेल तर गल्लीतल्या दहा जणांनी मिळून भरावी. पाणी सगळ्यांचे त्याच जमिनीतले आहे.

शिक्षणसंस्थांना माझी विनंती एवढीच की सामंजस्य करारावर सह्या झाल्या, फोटो निघाला, म्हणजे काम झाले असे धरू नये. तयार प्रकल्प विकत घेऊन मुले पास होतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात मुलांचेच नुकसान आहे. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचे दर लिहून बाहेर लावावेत. आठवड्यातून एक दुपार कारखानदारांसाठी ठेवावी. अध्यापकांनी सुट्टीत पंधरा दिवस एखाद्या कारखान्यात काढावेत. आणि आमच्या जुन्या जॉबरला, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराला, कधीतरी वर्गात बोलवावे. पदवी नसली तरी दीर्घ अनुभवाच्या जोरावर तज्ज्ञांना प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मोकळी केली आहे. तो नियम वरिष्ठ पदावरच्या मंडळींसाठी आहे, जॉबर त्यात बसणार नाही. पण धोट्याच्या नुसत्या आवाजावरून माग कुठे अडतोय हे ओळखणारा माणूस एक तास बोलला, तर यंत्रशास्त्राच्या मुलांना ते आयुष्यभर पुरेल.

विषयांना तोटा नाही. मागांच्या आवाजाने आमच्या कामगारांचे कान जातात. संध्याकाळी ते घरीसुद्धा ओरडून बोलतात. हा आवाज कुणी मोजून कमी करून दाखवेल का? उभा धागा तुटला की माग लगेच थांबावा, असे स्वस्तातले साधन जुन्या मागाला बसवता येईल का? रंगाचे सांडपाणी पुन्हा वापरता येईल का? यातला एकेक प्रश्न चार विद्यार्थ्यांच्या गटाला वर्षभर पुरेल.

मी माझ्यापासून सुरुवात करतो. बारापैकी एक माग दर शनिवारी दुपारी दोन ते पाच विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवीन. सूत माझे, वीज माझी. बिघडले तरी हरकत नाही. माझा पत्ता संपादकांकडे दिला आहे, महाविद्यालयांनी तो मागून घ्यावा. मुलांनी येताना पायात बूट घालावेत, ओढणी आणि केस घट्ट बांधून यावे. शेजारचे अकरा माग चालू असतात.

आपला नम्र,
पूर्व भागातील एक टॉवेल कारखानदार,
सोलापूर